झुलत्या पुलाचा दोर आणि त्यावरील भार

(प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गासाठी तयार केलेले व्याख्यान)



सणावाराच्या दिवशी शाळेच्या दारावर मुले आंब्याच्या पानांचे व झेंडूच्या फुलांचे तोरण बांधतात. दोन खिळ्यांच्या मध्ये ते तोरण एक सुबक वळण घेते. हे वळण कोणी आखून दिलेले नसते. पाने व फुले यांचे वजन दोरीवर सारखे वाटले गेलेले असते आणि त्या वजनाला अनुरूप असा आकार दोरी स्वतःच शोधून घेते. एखाद्या मुलाने हौसेने मध्यभागी नारळ बांधला, तर ते वळण तत्काळ मोडते. दोरी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सरळ होते आणि नारळाच्या जागी कोन पडतो. नारळ सोडला की पहिले वळण परत येते.

हा प्रकार प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला असतो. परंतु जगातील मोठ्यात मोठ्या झुलत्या पुलांचे गणित याच तोरणात सामावलेले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. काठीला स्वतःचा आकार असतो, विटेला असतो. दोराला मात्र स्वतःचा असा आकार नसतो. त्याच्यावर भार किती आहे आणि तो कसा वाटला गेला आहे, यावरूनच त्याचा आकार ठरतो. हे एकच तत्त्व या व्याख्यानात उदाहरणांनी, आकड्यांनी आणि फळ्यावर करता येणाऱ्या प्रयोगांनी स्पष्ट करावयाचे आहे.

पुलाची रचना

झुलत्या पुलाचे चित्र मुलांच्या परिचयाचे असते. नदीच्या किंवा खाडीच्या दोन्ही बाजूंना दोन उंच मनोरे, मनोऱ्यांच्या माथ्यावरून गेलेले दोन जाड दोर, त्या दोरांपासून खाली सोडलेले अनेक उभे दोर आणि त्या उभ्या दोरांना टांगलेला रस्ता, अशी त्याची रचना असते. मुख्य दोरांची टोके मनोऱ्यांच्या पलीकडे जमिनीत, काँक्रीटच्या प्रचंड ठोकळ्यांत घट्ट रोवलेली असतात.

उदाहरणादाखल अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल घेऊ. तो २७ मे १९३७ रोजी खुला झाला. त्याच्या दोन मनोऱ्यांतील अंतर ४,२०० फूट, म्हणजे १,२८० मीटर आहे. मनोऱ्यांच्या माथ्यापासून मध्यभागापर्यंत मुख्य दोर ४७० फूट, म्हणजे सुमारे १४३ मीटर खाली उतरतो. या उताराला आपल्या भाषेत झोळ असा सुरेख शब्द आहे. प्रत्येक मुख्य दोर सुमारे ९२ सेंटिमीटर जाडीचा असून तो २७,५७२ पोलादी तारा एकत्र बांधून केलेला आहे. दर ५० फुटांवर त्यापासून उभे दोर खाली सोडले आहेत. १९६४ सालापर्यंत हा जगातील सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल होता.

आता प्रश्न असा की, या दोराचे वळण कोणते? ते वर्तुळाचा भाग आहे काय? शाळेच्या दारावरील तोरणाचे वळण आणि या दोराचे वळण ही एकच आहेत काय?

विषम संख्यांचा चमत्कार

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास उच्च गणिताची गरज नाही. दोन साध्या गोष्टी मान्य केल्या म्हणजे पुरे. पहिली गोष्ट अशी की, दोर फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. आणि तो ओढतो तो स्वतःच्या दिशेनेच. दुसरी गोष्ट अशी की, दोराचा प्रत्येक तुकडा स्थिर असेल, तर त्याच्यावरील सर्व ओढी एकमेकींना तोलून धरीत असल्या पाहिजेत.

पुलाच्या बरोबर मध्यभागी एक उभा दोर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरांवर इतर उभे दोर आहेत, अशी कल्पना करावी. रस्ता सर्वत्र सारख्या वजनाचा आहे. म्हणून प्रत्येक उभ्या दोरावर सारखाच भार येतो. या भाराला एक भार म्हणू. मधल्या उभ्या दोराचा एक भार मुख्य दोराच्या डाव्या व उजव्या बाजूंनी निम्मा निम्मा उचललेला असतो. म्हणजे मध्यापासून उजवीकडे जाताना मुख्य दोराच्या पहिल्या तुकड्याला अर्धा भार वर उचलावा लागतो. दुसऱ्या तुकड्याला तो अर्धा भार आणि पुढच्या उभ्या दोराचा एक भार, मिळून दीड भार उचलावा लागतो. तिसऱ्याला अडीच, चौथ्याला साडेतीन, असा हा हिशेब पुढे चालतो. मुख्य दोराची आडवी ओढ मात्र सर्व तुकड्यांत एकच राहते, कारण उभे दोर फक्त खाली ओढतात; आडवे कोणीच ओढीत नाही.

आडवी ओढ तीच आणि उभी ओढ अर्धा, दीड, अडीच, साडेतीन अशी वाढत जाणारी. म्हणून तुकड्यांचा चढ याच प्रमाणात, म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात वाढतो. प्रत्येक तुकड्याची आडवी रुंदी सारखीच असल्यामुळे पहिल्या तुकड्यात दोर १ माप वर चढला, तर दुसऱ्यात ३, तिसऱ्यात ५ आणि चौथ्यात ७ मापे वर चढतो. आता बेरीज करावी: १, १ आणि ३ मिळून ४, त्यांत ५ मिळविले की ९, त्यांत ७ मिळविले की १६. हे आकडे १, २, ३ आणि ४ यांचे वर्ग आहेत. मध्यापासून दुप्पट अंतरावर दोराची उंची चौपट, तिप्पट अंतरावर नऊपट, चौपट अंतरावर सोळापट. ज्या वक्ररेषेचा हा गुण असतो तिला भूमितीत अन्वस्त म्हणतात. इंग्रजी पुस्तकांत तिचे नाव पॅराबोला असे आढळते.

विषम संख्यांची क्रमाने बेरीज केली की वर्गसंख्या मिळतात, ही गोष्ट चौथी-पाचवीच्या मुलांनाही खड्यांच्या साहाय्याने दाखविता येते. खाली पडणारी वस्तू सारख्या कालावधींत १, ३, ५, ७ या प्रमाणातच अंतरे कापते, हे गॅलिलिओने दाखविले होते. तोच क्रम पुलाच्या दोरात स्थिर होऊन बसलेला दिसावा, ही निसर्गाची मौज होय.

साखळी मात्र निराळी

वरील हिशेबात मुख्य दोराचे स्वतःचे वजन धरलेले नाही. सर्व वजन रस्त्याचे आहे आणि ते आडव्या अंतरावर सारखे वाटले आहे. याच्या उलट, नुसती साखळी दोन खिळ्यांना टांगली, तर सर्व वजन साखळीचेच असते आणि ते साखळीच्या लांबीवर सारखे वाटलेले असते. हा भेद बारीक आहे, परंतु महत्त्वाचा आहे. साखळी मध्यभागी जवळजवळ आडवी असते. तेथे एक वीत आडव्या अंतरात एक वीतच साखळी मावते. खिळ्याजवळ ती उभट होते. तेथे तेवढ्याच एक वीत अंतरात दीड किंवा दोन वीत साखळी असते. अर्थात टोकांकडे जावे तसतसा प्रत्येक टप्प्यात येणारा भार वाढत जातो. मग चढ १, ३, ५, ७ या प्रमाणात न राहता शेवटी शेवटी अधिक वेगाने वाढतो. साखळीची वक्ररेषा तळाशी अधिक पसरट आणि टोकांशी अधिक उभट होते. तिला कॅटेनरी असे नाव आहे; मराठीत तिला साखळीवक्र म्हणण्यास हरकत नाही.

या भेदाचा इतिहास शिक्षकांना बोधप्रद वाटेल. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने टांगलेली साखळी अन्वस्तासारखी दिसते असे म्हटले, आणि झोळ उथळ असला म्हणजे दोन्ही आकार फार जवळ येतात हेही नमूद केले. एवढ्या मोठ्या पुरुषाचे वचन म्हटल्यावर साखळी म्हणजे अन्वस्तच, असा समज सहज दृढ होऊ शकला असता. परंतु १६४६ साली हॉलंडमधील ख्रिस्तियान हायगेन्स नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने सिद्ध केले की, साखळी अन्वस्ताचा आकार घेऊ शकत नाही. त्याने त्याच वेळी हेही दाखविले की, सारखी वजने सारख्या आडव्या अंतरांवर टांगली, तर मात्र अन्वस्तच मिळेल. त्या काळी मोठे झुलते पूल कोणाच्या स्वप्नातही नव्हते. पण पुलाचे मूळ गणित त्या मुलाच्या हाती आलेले होते. साखळीचा नेमका आकार कोणता, याचे उत्तर मिळण्यास पुढे पंचेचाळीस वर्षे लागली. १६९० साली याकोब बर्नुली यांनी तो प्रश्न विद्वानांपुढे उघडपणे मांडला आणि १६९१ साली लायब्निट्झ, हायगेन्स व योहान बर्नुली या तिघांनी त्याची उत्तरे प्रसिद्ध केली.

फळ्यावरील प्रयोग

हा भेद मुलांना नुसता सांगून उपयोग नाही. तो त्यांनी डोळ्यांनी पाहिला पाहिजे. त्यासाठी फळ्यावर किंवा भिंतीवर एकाच पातळीत ८० सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोकावेत. त्यांच्या मधोमध ओळंब्याच्या साहाय्याने एक उभी रेषा काढावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दर १० सेंटिमीटरवर आणखी उभ्या रेषा काढाव्यात.

प्रथम सुमारे १२० सेंटिमीटर लांबीची बारीक कड्यांची साखळी किंवा मण्यांची माळ खिळ्यांना अशी अडकवावी की, तिचा झोळ बरोबर ४० सेंटिमीटर होईल. साखळी जेथे जेथे उभ्या रेषांना छेदते तेथे खडूने ठिपके करावेत. तळापासून या ठिपक्यांची उंची मोजली असता ती मध्यापासून १० सेंटिमीटरवर सुमारे २, २० सेंटिमीटरवर सुमारे साडेआठ, ३० सेंटिमीटरवर सुमारे साडेवीस आणि खिळ्याशी ४० सेंटिमीटर भरेल.

नंतर साखळी काढून त्याच खिळ्यांना सुमारे ११८ सेंटिमीटर लांबीचा बारीक पण मजबूत दोरा बांधावा. वाळूच्या सात सारख्या पुरचुंड्या तराजूत तोलून तयार कराव्यात आणि मधल्या सात उभ्या रेषांवर एकेक येईल अशा त्या दोऱ्याला टांगाव्यात. गाठी थोड्या सरकवून प्रत्येक पुरचुंडी आपापल्या रेषेवर आणण्यास जरा धीर धरावा लागतो. हे काम दोन-तीन मुलांकडे सोपवावे. सर्व जागेवर आल्यावर दोऱ्याची उंची मोजावी. ती क्रमाने सुमारे अडीच, दहा, साडेबावीस आणि चाळीस सेंटिमीटर भरेल. अडीचची चौपट दहा, नऊपट साडेबावीस, सोळापट चाळीस. हेच अन्वस्त. साखळीच्या आकड्यांत हा नियम सापडत नाही. झोळ तोच, खिळे तेच. परंतु २० सेंटिमीटरच्या रेषेवर दोन्ही वळणांत सुमारे दीड सेंटिमीटरचा फरक स्पष्ट दिसतो.

तिसऱ्या वेळी सर्व पुरचुंड्या एकाच जागी, आधी मध्यभागी आणि मग एका बाजूला, टांगाव्यात. वळण नाहीसे होऊन दोन सरळ रेषा आणि एक कोन उरेल. तोरणातील नारळाचे कोडे येथे उलगडते. दोरा एकच, भाराची वाटणी तीन प्रकारची, म्हणून आकारही तीन.

पूल बांधताना दोराचा आकार बदलतो

फळ्यावर जे पाहिले तेच गोल्डन गेट पुलावर फार मोठ्या प्रमाणात घडले. १९३५ च्या ऑक्टोबरपासून १९३६ च्या मे महिन्यापर्यंत मुख्य दोरांच्या तारा ओढण्याचे काम चालले. त्या वेळी दोरांना टांगलेला रस्ता नव्हता. दोर केवळ आपल्याच वजनाने लोंबत होते आणि त्यांचा आकार साखळीवक्राचा होता. नंतर रस्त्याचे पोलादी भाग मनोऱ्यांपासून दोन्ही दिशांना, तोल सांभाळून, टांगीत नेण्यात आले. प्रत्येक भागाबरोबर भाराची वाटणी बदलली आणि दोराचे वळणही बदलत गेले. शेवटी रस्ता पूर्ण झाल्यावर दोर अन्वस्ताच्या अगदी जवळ येऊन स्थिरावला. अर्थात दोराला स्वतःचे वजनही असतेच. म्हणून कोणत्याही खऱ्या पुलाचा दोर काटेकोर अन्वस्त नसतो, तर त्या दोन वळणांच्या दरम्यान, अन्वस्ताकडे झुकलेला असतो.

हा फरक पुलावर किती दिसतो? गोल्डन गेटइतकाच गाळा आणि तेवढाच झोळ घेऊन दोन्ही वक्ररेषांचा हिशेब केला, तर मनोरा आणि मध्य यांच्या निम्म्या अंतरावर त्यांच्यात अर्ध्या मीटरहूनही कमी अंतर निघते. १४३ मीटर झोळापुढे हे अंतर डोळ्यांना दिसणारे नव्हे. गॅलिलिओची नजर मंद नव्हती. उथळ झोळात ही दोन वळणे खरोखरच एकमेकांना झाकून टाकतात. नजरेला न दिसणारा भेद विचाराने ओळखता येतो, हे मुलांना शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

झोळ कमी तर ताण जास्त

दोराचा आकार कळला म्हणजे त्याच्यावरील ताणही कळतो, आणि पुलाचे जीवन या ताणावर अवलंबून असते. तरफेचा नियम शिक्षकांना ठाऊकच आहे. दोराचा अर्धा भाग, म्हणजे एका मनोऱ्यापासून मध्यापर्यंतचा भाग, घ्यावा. त्याच्यावर एकूण भारापैकी निम्मा भार आहे आणि तो सरासरीने मनोऱ्यापासून गाळ्याच्या एकचतुर्थांश अंतरावर आहे. हा भार तो भाग खाली फिरवू पाहतो. मध्यभागी दोराची आडवी ओढ झोळाएवढ्या उंचीवरून त्याला तोलून धरते. यावरून असा नियम निघतो: एकूण भाराला गाळ्याच्या लांबीने गुणावे आणि झोळाच्या आठपटीने भागावे, म्हणजे आडवी ओढ मिळते.

झोळ गाळ्याच्या एकअष्टमांश असेल, तर आडवी ओढ बरोबर एकूण भाराइतकी असते. झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट होते. गोल्डन गेट पुलाचा झोळ गाळ्याच्या सुमारे एकनवमांश आहे. म्हणून दोन्ही दोरांची मिळून आडवी ओढ गाळ्यावरील एकूण भाराच्या सुमारे १.१२ पट येते. घरातील वाळवणाच्या दोरीलाही हाच नियम लागू आहे. ४ मीटर लांबीची दोरी ताणून तिला फक्त ५ सेंटिमीटर झोळ राहील इतकी घट्ट ठेवली आणि तिच्यावर सर्वत्र पसरलेले ५ किलो वजनाचे ओले कपडे आले, तर खुंटीवर ५० किलोंची ओढ बसते. खुंटी उपटून येते ती कपड्यांच्या वजनाने नव्हे. झोळ न ठेवण्याच्या हट्टाने.

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात मेनाई सामुद्रधुनीवर टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला झुलता पूल १८२६ साली खुला झाला. त्याचा गाळा ५७९ फुटांचा, म्हणजे सुमारे १७६ मीटरचा आहे. या पुलाच्या योजनेत साखळ्यांचा झोळ फार कमी आहे, असे डेव्हिस गिल्बर्ट या गणितज्ञाने आकडेमोड करून दाखविले आणि टेलफर्डने तो वाढविला. कागदावरील गणिताने लोखंडावरील ताण कसा हलका केला, याचे हे जुने आणि उत्तम उदाहरण आहे.

चालता भार

रस्त्याचे वजन स्थिर असते. गाड्या, जनावरे आणि माणसे मात्र चालती असतात. एखादा जड ट्रक पुलाच्या एका बाजूला आला, तर दोर तेथे खाली ओढला जाईल आणि दुसऱ्या बाजूला थोडा वर उचलला जाईल. ट्रक पुढे सरकला की हे वळणही त्याच्याबरोबर सरकेल. असे होऊ दिले तर रस्ता लाटेप्रमाणे हालत राहील. म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना पोलादी जाळीच्या भक्कम तुळया बसवितात. गोल्डन गेट पुलावर त्यांची उंची २५ फूट आहे. एका जागी आलेला भार या तुळया अनेक उभ्या दोरांवर पसरवितात. म्हणजे मुख्य दोरापर्यंत पोचताना तो पुष्कळसा सारखा झालेला असतो.

२४ मे १९८७ रोजी या पुलाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्यांना खुला करण्यात आला. सुमारे तीन लाख माणसे पुलावर आली असावीत, असा अंदाज करण्यात आला. दोन्ही तीरांवरून आलेले लोंढे मध्यभागी एकमेकांना भिडले आणि हलण्यासही जागा उरली नाही. एरवी मध्यभागी कमानीसारखा किंचित उंच दिसणारा रस्ता त्या दिवशी सपाट झाला. त्याचा मध्य सुमारे ७ फूट खाली आला. पाहणाऱ्यांना भीती वाटणे स्वाभाविक होते. परंतु मध्यभाग १०.८ फूट खाली येऊ शकेल, हे पुलाच्या आराखड्यातच गृहीत धरलेले होते. दोराने नव्या भाराला अनुरूप नवा आकार घेतला. माणसे उतरल्यावर तो पूर्वस्थितीस आला. ताठ उभे राहून मोडण्यापेक्षा वाकून भार वाहणे, हा झुलत्या पुलाचा स्वभाव आहे. मात्र त्या वाकण्याची मर्यादा आधी मोजलेली असावी लागते.

अपुऱ्या विचाराचे मोल

दोर भाराने जितका ताणलेला, तितका तो आपला आकार बदलण्यास नाखूष असतो. तोरणाच्या हलक्या दोरीला बोट लावले की ती हलते. पाण्याने भरलेली बादली टांगलेल्या दोरीला तेवढ्याच जोराने फारसे हलविता येत नाही. हा विचार १८८८ साली योसेफ मेलान यांनी गणितात मांडला आणि लिऑन मोइसेफ या अभियंत्याने अमेरिकेतील मोठ्या पुलांवर त्याचा उपयोग केला. दोर स्वतःच ताठ राहतो, मग रस्त्याच्या तुळया जाड कशाला, असा निष्कर्ष त्यातून निघाला. वरून येणाऱ्या भारापुरता तो खराही होता.

या निष्कर्षाच्या आधारे मोइसेफ यांनी वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा येथे ८५३ मीटर गाळ्याचा अत्यंत सडपातळ पूल आखला. त्याची रुंदी अवघी १२ मीटरच्या आसपास होती आणि कडेच्या तुळया ८ फूट उंचीच्या, भरीव पत्र्याच्या होत्या. पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात रस्ता पिळवटल्याप्रमाणे हेलकावू लागला आणि काही वेळाने कोसळला. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. मोटारीत अडकलेला एक कुत्रा मात्र मेला. वरून येणाऱ्या भाराचा हिशेब झाला होता. बाजूने येणाऱ्या वाऱ्याने हलका रस्ता कसा वागेल, याचा झाला नव्हता. १९५० साली तेथे नवा पूल उभा राहिला तेव्हा त्याला ३३ फूट उंचीच्या, वारा आरपार जाऊ देणाऱ्या जाळीच्या तुळया बसविण्यात आल्या.

आपल्या शेजारच्या गुजरात राज्यातील घटना याहून दुःखद आहे. मोरबी येथे मच्छू नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला झुलता पूल होता. दुरुस्तीनंतर तो २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला झाला आणि चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबर रोजी, माणसांची गर्दी असताना त्याचा मुख्य दोर तुटला. १३५ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत लहान मुले पुष्कळ होती. त्या दोरात ४९ तारा होत्या आणि त्यांपैकी २२ तारा गंजून आधीच तुटलेल्या असाव्यात, असे तपासात आढळून आले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. दोराचे वळण भाराची वाटणी सांगते. दोराच्या अंगात बळ किती उरले आहे ते सांगत नाही. निम्म्या तारा गंजलेला दोरही बाहेरून तसेच सुंदर वळण घेऊन लोंबत असतो. आकाराचे गणित बरोबर असून भागत नाही. तारा तपासाव्या लागतात आणि एका वेळी किती माणसे जाऊ द्यावयाची, त्याची मर्यादा पाळावी लागते.

वर्गात काय करावे

हा पाठ इयत्तेप्रमाणे वाटून घेता येईल. तिसरी-चौथीच्या मुलांना तोरण व नारळ दाखवावा आणि भार बदलला की आकार बदलतो, एवढेच त्यांच्याकडून वदवून घ्यावे. पाचवीच्या मुलांनी खडे मांडून विषम संख्यांपासून वर्गसंख्या तयार कराव्यात. सहावी-सातवीच्या मुलांनी फळ्यावरील तिन्ही प्रयोग करून उंचीचे आकडे वहीत मांडावेत आणि दोन वळणांतील फरक स्वतः शोधावा. आकडे आधी सांगू नयेत. मोजमापात अर्धा सेंटिमीटर इकडे तिकडे झाला तर मुलांना रागावू नये. तो का झाला असेल, असे विचारावे.

मुलांच्या वाटेवर ओढ्यावरील साकव किंवा लहान झुलता पूल असेल, तर त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. पूल हलतो म्हणजे तो दुबळा असतो असे नाही. पण म्हणून त्याला मुद्दाम हलवावे, त्यावर घोळक्याने उड्या माराव्यात, असेही नाही. तुटलेली तार, सुटलेली फळी किंवा गंजलेली कडी दिसली, तर ती ताबडतोब मोठ्या माणसांना दाखवावी आणि शिक्षकांनी ती ग्रामपंचायतीच्या नजरेस आणावी. मोरबीच्या पाण्यात जे बळी गेले त्यांत शाळेत जाण्याच्या वयाची मुले होती. त्या दृष्टीने हा पाठ विज्ञानाचा आहे तसाच जीव सांभाळण्याचाही आहे.

सतरा वर्षांच्या हायगेन्सने मोठ्यांचे वचन प्रमाण न मानता विचार करून पाहिला, म्हणून साखळी व पुलाचा दोर यांतील भेद जगाला कळला. खेड्यातील शाळेच्या भिंतीवर दोन खिळे, एक दोरा आणि सात पुरचुंड्या टांगून तोच विचार मुलांना करता येतो. पुढच्या सणाला शाळेच्या दारावर तोरण चढेल, तेव्हा एखादा विद्यार्थी त्याच्याकडे पाहून, "हे वळण कोणते, आणि का?" असे आपण होऊन विचारील, तर या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.